सायकल शर्यतीचा चौथा कोपरा

ती घटना अजून मनातून जात नाही. लहानपणी आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि ओहायोतल्या एका उपनगरात पोलिसाची सगळी नोकरी काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले. तरी जुन्या गोष्टी निघाल्या की मी आधी सायकल शर्यतीची केस सांगतो.

रविवारी सकाळी ठाण्यात फोन आला. "शर्यतीच्या चौथ्या कोपऱ्यावर एक बाई पोलिसाचं जॅकेट घालून गाड्या अडवतेय. मला काही ती पोलीस वाटत नाही." जाऊन पाहतो तर काय! साडी, स्पोर्ट शूज, पाठीवर 'पोलीस' लिहिलेलं जॅकेट आणि तोंडात शिट्टी. गाड्या निमूट उभ्या. आमचंसुद्धा कुणी इतकं ऐकत नाही.

"मावशी, हे काय चालवलंय?" मी मराठीतच विचारलं.

"त्या सायकली जाऊ दे आधी, मग बोल."

मावशी नागपूरच्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून गर्दी सांभाळलेली. तिथे शिट्टी आणि ठाम हात पुरतो. इथे तोतया पोलीस म्हणजे गुन्हा, आणि मावशींचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं.

कोपऱ्यावर सहकारी उभा करून मावशींना ठाण्यात आणलं. मागोमाग त्यांचा मुलगा धापा टाकत आला. शर्यतीचा आयोजक तोच. इथे रस्ता अडवायचा तर दर कोपऱ्यावर ड्युटीवरचा पोलीस लागतो आणि त्याचे पैसे आयोजकाने भरायचे असतात. त्या वर्षी मोठ्या स्पॉन्सरने हात वर केले, विमा महागला. चौथ्या कोपऱ्यावर त्याने नुसतं बॅरिकेड लावून भागवलं होतं.

"सर, जॅकेट मीच आईला दिलं. ऑनलाइन मागवलं. केस माझ्यावर करा."

"खोटं बोलतोय मेला! मी घेतलंय, माझ्या मनाने."

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. समोर आपलं माणूस नसलं की खोटं फार वेळ टिकत नाही. जॅकेटचं अस्तर कोणत्या रंगाचं, हे मुलाला सांगता येईना. मावशी म्हणाल्या, "नारिंगी. जुन्या कपड्यांच्या दुकानातलं आहे. कॉलरच्या आत त्यांचं लेबल आहे बघ." लेबल होतं.

"वर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं का?"

"वाचलं की! म्हणूनच घेतलं. पोरगा रेस कॅन्सल करायला निघाला होता. जेवला नाही रे." आणि त्यांचे डोळे भरून आले.

जबाब जसाच्या तसा लिहिला आणि सरकारी वकिलांना स्वतः जाऊन भेटलो. ताकीद देऊन सोडलं त्यांनी. मात्र पुढच्या परवान्यासाठी चारही कोपऱ्यांचे पैसे आगाऊ भरायची अट पडली. निघताना मावशींनी विचारलं, "तुम्हाला पगार आहे ना? मग एक सकाळ उभं राहायचे वेगळे पैसे कशाला?" मी नियम सांगितला. माझा मलाच तो पटला नाही.

गुन्ह्यामागचा पैसा शोधायला आम्हाला शिकवतात. इथे पैसा नव्हता, म्हणून गुन्हा झाला होता. हे मी त्या केसमध्ये शिकलो, तेही नोकरी संपत आल्यावर.

निवृत्त झाल्यावर मावशींच्या मुलाला फोन केला. "चौथा कोपरा मी सांभाळतो. फुकट."

"काका, रिटायर्ड चालत नाही. ड्युटीवरचाच लागतो, पैसे भरून."

मागून मावशींचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"शर्यतीचं विचारतायत, आई."

"सांग त्यांना, बंद केली म्हणून."