देवीला पाठ

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर वाती वळत बसलो होतो. बायकोला कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. कापूस नसला तरी तिचा अंगठा अन बोट वात वळतच राह्यचे. कापूस हातात दिला की मात्र हळूहळू का व्हईना, वात सरळ यायची. माझी वात बघून म्हणली, "ही वात हाय का बैलाची वेसण?"

त्याच्या आधल्या हप्त्यात तिला जालन्याला दाखवायला नेल्तं. डॉक्टर म्हणले, तोल बघू. आधी मलाच उभं केलं अन मागून खांदे धरून हिसका दिला. मी एक पाऊल मागं टाकून सावरलो. ती हसली, "म्हातारा अजून पक्का हाय."

मंग तिची पाळी. "आजी, मी ओढणार बरं का. पाऊल मागं टाका."

ओढलं ते जराच. तिचं पाऊल उचललंच न्हाई. फळी पडावी तशी अख्खी मागं आली. डॉक्टरनं झेलली. मला काही सुधरंना. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी बाई ही!

डॉक्टर म्हणले, "मागं मागं बिलकुल चालायचं न्हाई." मी मान हलवली. मनात म्हणलं, मागं मागं चालतंय कोण?

त्या शुक्रवारी वाती घेऊन देवीच्या देवळात गेलो. दिवा लावला. आमच्याकडं निघताना देवीला पाठ दाखवत न्हाईत, तोंड तिच्याकडं ठेवून मागं मागं बाहेर यायचं. मी तसाच आलो अन पायरीखाली तिच्या चपला सरळ लावू लागलो. दोघांचीबी जन्माची सवय. हेबी चालणंच हाय, हे डोक्यातच आलं न्हाई.

तिची टाच उंबऱ्याला लागली. आवाज आला म्हणून वर बघितलं, तर डोकं पायरीच्या दगडावर. मी हाताच्या अंतरावर होतो. हाका मारल्या, हलवली. मंग तिच्या हाताकडं नजर गेली. हात थांबला होता. झोप सोडली तर इतक्या वर्षांत तो थांबलेला मी बघितलाच नव्हता.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. पुजारी म्हणला, "बाबा, सुतक हाय तुम्हाला."

म्हणलं, "म्हाईत हाय."

तिनं वळलेली एक वात लावली. मंग देवीकडं पाठ केली अन सरळ चालत बाहेर आलो.