नवा-जुना सेल

तळोद्याच्या बाजारात टॉर्च दुरुस्त करणारा तो माणूस प्रत्येक सेल आधी गालाला लावून तापलाय का ते बघायचा. माझ्या मोठ्या टॉर्चमधल्या दोन लिथियम सेलपैकी एक गेला होता.

"दोन्ही संगे बदल, भाऊ. नवा-जुना जोडशी तर तपी जाई," तो म्हणाला.

मी पडलो हुशार! शेजारच्या दुकानातून एकच नवा सेल घेतला, टॉर्चमध्ये घातला आणि तिचा झोत मुद्दाम त्याच्याच टेबलावर मारला. जरा वेळाने टॉर्च हातातच फुसफुसायला लागली. मी नुसता बघत उभा. त्यानेच ती हिसकावून रेतीच्या ढिगात फेकली. भसकन धूर निघाला.

"तुन्हा हात वाचना ना?" त्याने विचारलं. त्याचा तळवा लालबुंद भाजला होता.

मी "हो" म्हणालो आणि सटकलो. "आणि तुमचा?" एवढं विचारायचं आजवर राहूनच गेलंय.