मालिकेतली सासू बरी होते तेव्हा

मी मालिकांचे संवाद लिहितो. माझी थोरली बहीण गडहिंग्लजला असते आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सहा वर्षं सगळं करते. तिच्याकडं राहून जे पाहिलं, ते मी एका भागात जसंच्या तसं लिहिलं. पाठीवरच्या जखमा, ओल्या चादरी, सुनेचं भिंतीला टेकून बसणं. मला वाटलं, आता कुठं काहीतरी खरं लिहिलं.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला. "अक्का, भाग बघितलास?"

"अर्धा बघून बंद केला. दिवसभर हेच करतो की आम्ही. घटकाभर बसल्यावर परत तेच कशाला बघू?"

मला राग आला. पुढं प्रेक्षक घटले आणि निर्मात्यांनी मालिकेतल्या सासूला बरं करायला सांगितलं. मी मन मारून तिला देवघरापर्यंत चालवलं. तो भाग लागला त्या संध्याकाळी अक्काचाच फोन आला.

"सासूबाई आज हसल्या बघ. ती बाई कुठल्या डॉक्टरकडं गेलती, विचारत होत्या."

"मग काय सांगितलंस?"

"चौकशी करते म्हटलं."

 

आता निर्मात्यांना त्या सासूला नातवाच्या लग्नात नाचवायचं होतं. अक्काच्या सासूबाई तेही बघणार होत्या; माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी तिला नुसती मांडवात खुर्चीवर बसवली, शेजारी सुनेला बसवलं, आणि दोघींना जेवायला वाढलं.