मोबाईलमध्ये न येणारा आवाज

काकूंनी मोबाईल कानाला लावला, परत डोळ्यांसमोर धरला, परत कानाला लावला. मी आणि आमचा गिटारवाला लासूर स्टेशनला त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. आमच्या तिघांच्या बँडमध्ये बास वाजवणारा त्यांचा मुलगा पावसाळा सरता सरता डेंग्यूनं गेला. मी आपला शहाणपणा करून एका कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांना लावून दिला होता.

"बोटं हलत्यात त्याची," काकू म्हणाल्या. "पण आवाज कुठंय?"

आवाज नव्हताच. गिटार कोकलत होती, माझे ड्रम पत्र्यावर दगड पडल्यासारखे वाजत होते, आणि तो मागं उभा राहून मुक्यानं बोटं हलवत होता. मी समजावलं, काकू, त्याची गिटार वेगळी, चार जाड तारांची. सूर लई खालचा, एवढ्याशा मोबाईलमधून तो निघतच नाही. त्यांना काही पटलं नाही. "मग तुम्ही त्याला नुसतं उभं करीत होता व्हय?" काका उठून बाहेर गेले.

मला राग आला. काकूंचा नाही, कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. "पडेगावला या," मी म्हणालो. "मी ऐकवतो तुम्हाला त्याचा आवाज." बोलून तर बसलो, पण ऐकवायचा कुठून, ते ठाऊक नव्हतं.

पडेगावला दौलताबादच्या रस्त्यालगत आमची सरावाची खोली आहे. पत्र्याची. पूर्वी तिथं खताची पोती ठेवायचे, ऊन तापलं की अजून वास येतो. एका कोपऱ्यात त्याचा अ‍ॅम्प, म्हणजे कमरेइतका उंच स्पीकर, होता तसाच उभा होता. तो गेल्यावर त्या कोपऱ्यात कुणी पाय ठेवत नव्हतं. ठरवून नाही. जमिनीवर पडलेली त्याची वायरसुद्धा आम्ही ओलांडायचो नाही, वळसा घालून जायचो.

तो होता तेव्हा आम्ही त्याला खांब म्हणायचो. कार्यक्रम संपला की पोरं गिटारवाल्याबरोबर फोटो काढायची, कारण गायचाही तोच. माझ्याकडं ड्रमच्या काठ्या मागायची. ह्याला म्हणायची, भैया, जरा बाजूला सरकता का. आणि हा बेटा हसत सरकायचा. त्याचं कौतुक करावं असं आमच्याही कधी डोक्यात आलं नाही. पलंगाखालच्या फळ्या कोण बघतं?

तो गेल्यावर एका कॉलेजात आम्ही दोघांनीच वाजवलं. "चल जाता मियाँ, किसको समझता है," गिटारवाला म्हणाला. आणि खरंच कुणाला समजलं नाही. फक्त कुणी नाचलं नाही. पोरं हाताची घडी घालून उभी राहिली, एका मुलीनं येऊन विचारलं, तुमचा एखादा स्पीकर बंद आहे का. वर एका जागी मी घोळ घातला. आमच्या त्या गाण्यात मधेच सगळं थांबतं आणि मग सगळ्यांनी एकदम पडायचं, म्हणजे एकाच ठोक्याला परत वाजवायला लागायचं असतं. तिथं मी उशिरा पडलो. "ऐसा तो कभी नहीं हुआ," गिटारवाला खाली उतरल्यावर म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. मग मी चिडून घरी मोबाईलवर तालाची टकटक लावून, उशीवर काठ्या आपटून ती जागा घोटली. पक्की केली.

त्याचा आवाज सापडला तो गिटारवाल्याच्या लॅपटॉपमध्ये. उन्हाळ्यात आम्ही तेच गाणं पडेगावच्या खोलीत एकत्र वाजवून रेकॉर्ड केलं होतं. त्याची वायर थेट लॅपटॉपमध्ये होती, त्यामुळं त्याच्या एकट्याच्या तारांचा आवाज वेगळा राहिला होता. ठरलं, तो त्याच्याच अ‍ॅम्पमधून सोडायचा आणि आपण दोघांनी सोबत वाजवायचं.

काका-काकू भर दुपारी आले. काकूंना दिलेली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून त्या कोपऱ्यासमोर नेली. गिटारवाल्यानं बटण दाबलं.

आधी नुसती अ‍ॅम्पची घरघर. मग तारेवरून बोट सरकल्याचा आवाज आला. सुरू करण्याआधी तो तार अशीच एकदा चाचपायचा. पहिला सूर निघाला आणि माझ्यासमोरचा छोटा ड्रम, मी हातही लावला नव्हता, आपोआप थरथरायला लागला. त्या ड्रमच्या पोटाखाली बारीक तारा असतात, बासचा सूर लागला की त्या वाजतात, हे मला चांगलं माहीत आहे. तो असताना रोज व्हायचं, मी शिव्या द्यायचो. तरी त्या दुपारी मी दोन्ही हात वर धरून बसलो. पत्रा थरथरत होता, खिडकीची कडी थरथरत होती, आणि कोपऱ्यात कुणी नव्हतं.

काकूंनी चपला काढल्या आणि उघडे पाय फरशीवर टेकवले.

आम्ही वाजवायला लागलो. खरं सांगतो, भीती वाटत होती आणि लई बरंही वाटत होतं. मोठ्या ड्रमच्या पेडलवरचा माझा उजवा पाय आणि त्याचा सूर बरोबरीनं पडत होते, तो होता तेव्हा पडायचे तसे.

मग ती जागा आली. सगळं थांबलं. मी घोटल्याप्रमाणं अगदी वेळेवर पडलो. गिटारही पडली. तो पडला नाही.

क्षणभर अ‍ॅम्पमधून काहीच आलं नाही. मग त्याचा सूर आला, आमच्या मागून, एकटाच.

गिटारवाल्यानं लॅपटॉप थांबवला. "ये कैसे चूक गया? ये तो कभी चुकता नहीं था."

मी पेडलवरच्या माझ्या पायाकडं बघितलं. उन्हाळ्यातल्या त्या दिवशीही मी तिथं मागं पडलो असणार. रोजच पडत असणार. तो कायम माझ्या उजव्या पायाकडं बघत उभा असायचा. पाय पडेपर्यंत थांबायचा आणि माझ्याबरोबर पडायचा. गिटारवालाही नकळत त्याला धरून यायचा, आणि तिघं एकत्र आले की उशीर झालाय हे कुणाला कळणार? इतकी वर्षं मी स्वतःला तालाचा पक्का समजत होतो.

"चुकला का तो?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. मी चुकायचो. तो तिथं माझ्यासाठी थांबायचा. अजून थांबलाय."

काकूंनी कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग परत लाव," त्या म्हणाल्या. "आन् तू येळेवर जाऊ नगं. त्याला एकट्याला मागं ठिवू नगं."

परत लावलं. तार चाचपल्याचा आवाज आला, छोटा ड्रम थरथरला. ती जागा आली तेव्हा मी काहीच मोजलं नाही. कोपऱ्याकडं बघत राहिलो, आणि पाय जेव्हा पडायचा तेव्हा पडला. आम्ही तिघं एकदम पडलो.