म्हात्रे सरांनी वाटून दिलेले धडे

“मॅडम, मला दुसरा कुठलाही वर्ग द्या. दहावी-ब नको.”

गणिताच्या नव्या शिक्षिका राऊत मॅडम माझ्या केबिनमध्ये उभ्या होत्या. मी चंदनसारच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे.

“मुलं त्रास देतात?”

“नाही. पण मी फळ्याकडे वळले, की मागून कुणीतरी म्हातारा माणूस विचारतो, ‘पन का?’”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. ते म्हात्रे सरांचं वाक्य, दहावी-बला आधी गणित शिकवणाऱ्या. सर खाडीकाठच्या गावातले, ‘ण’ त्यांच्या तोंडी कधी आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते वारले. राऊत मॅडमनी त्यांना पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी राऊत मॅडमसोबत वर्गाच्या दाराशी थांबले. आत कुणीतरी घसा खाकरला. “पन का? कोनी सांगेल?”

मी दार ढकललं. मुलं छोट्या गटांत डोकी जुळवून बसलेली. कुणी वर पाहिलं नाही. तोच आवाज आता खिडकीकडून आला, मग मागच्या बाकावरून. माझ्या समोर फुलपाड्याची पूजा बसली होती. तिच्या घरी हिंदी बोलतात. तिने घसा खाकरला आणि जड आवाजात मैत्रिणीला विचारलं, “पन का?”

“पूजा, काय चाललंय?”

ती दचकली. आवाज पुन्हा तिचा झाला. “मॅडम, सरांनी वाटून दिलंय ना. ऑपरेशन आहे म्हणाले. उरलेला एकेक धडा एकेका गटाला मधल्या सुट्टीत शिकवला. तो आम्ही बाकीच्यांना शिकवायचा.”

ऑपरेशनचं स्टाफरूममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ते ठीक. पण सरांसारखं का बोलता?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. “आम्ही? कधी?”

ती खोटं बोलत नव्हती.

बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. मी राऊत मॅडमना म्हटलं, “आज शिकवू नका. त्यांच्यात बसा.” त्या पूजाच्या बाकाच्या कडेला अंग चोरून बसल्या. त्रिकोणमितीच्या एका गणितावर पूजाचा गट अडला. मॅडमनी हळूच पेन्सिल उचलली, आकृती काढली.

“पन का?” पूजाने विचारलं.

मॅडमनी आकृतीतल्या कोनावर बोट ठेवलं. आणि त्यांनी उत्तर दिलं.

त्या वर्ग सोडून गेल्या नाहीत. दहावी-ब मध्ये गणितात कुणी नापास झालं नाही. प्रशिक्षणात याला ‘पीअर लर्निंग’ म्हणतात, म्हणजे शिकणाऱ्यांनी एकमेकांना शिकवणं. आता आमचे शिक्षकही एकमेकांच्या तासाला जाऊन बसतात. सुरुवातीला कुरकुर झाली, अजूनही होते.

मी एवढंच शिकले: एक माणूस गेल्यावर वर्ग बंद पडत असेल, तर ती शाळा नसते, त्या माणसाची खाजगी शिकवणी असते.