चाकांवरच्या घरात करंट

"चपला भाईर!" आमचे शेजारी नमस्काराच्या आधी हे म्हणायचे. आवाज असा, की ते राजारामपुरीत खोकले तर कोडोलीत म्हशी दूध चोरायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा, फ्रिज, पंखा सगळं बसवलं आणि अंगणात उभी केली. तिला कुणी गाडी म्हटलं की बिनसायचं. "घर हाय हे. चाकं हाईत म्हणून काय झालं?"

आता घर म्हटल्यावर वीज आली. बाथरूमच्या जुन्या बोर्डातून त्यांनी वायर ओढली. बोर्डाला भोकं दोन, प्लगला पिना तीन. अर्थिंगची जाड पिन त्यांनी पकडीनं मोडून टाकली. मी बघतच राहिलो, तर म्हणाले, "ती शोभेची असतीया."

गृहप्रवेशाला त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, अंगण धुतलं, रांगोळी घातली. मी हुकमाप्रमाणे चपला फाटकाशी काढल्या आणि गाडीच्या दाराची मूठ धरली. मंडळी, तो झटका पन्हाळ्यावरून दिसला असेल! मी उडालो तो थेट पाण्याच्या टाकीला धडकलो.

तेवढ्यात वहिनी आल्या. अनवाणी, पायावर नुकतंच पाणी घेतलेलं. आत उभ्या शेजाऱ्यांना काहीच जाणवत नव्हतं, मी ओल्यात घसरलो असंच वाटलं असणार. एका हातानं दाराचा लोखंडी दांडा धरून त्यांनी दुसरा हात खाली केला. "ये गं, मालकीण."

वहिनींनी हात उचलला. मला ओरडायचं होतं. एरवी माझं तोंड बंद करायला गल्ली नवस बोलते, पण तेव्हा जीभ टाळूला चिकटली. दोन हातांत वीतभर अंतर उरलेलं.

झेप घेऊन वायर उपटली, असं मी चौकात सांगतो. खरं म्हणजे धडपडून उठताना वायरीत पाय अडकला आणि मी तोंडावर आपटलो. प्लग निघाला. आतला पंखा थांबला, आणि मग त्यांची बोटं बोटांना लागली.

"पत्र्यात करंट हाय," मी कसाबसा म्हणालो. शेजारी आपल्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवशी कोडोलीच्या म्हशींनी भरपूर दूध दिलं असणार.

वायरमन आला. फ्रिजची वायर पत्र्याला घासून सोलली होती. अर्थिंग नाही, खाली रबरी टायर. करंट पत्र्यातच ओल्या पायांची वाट बघत थांबलेला. त्यानं वायर बदलली, अर्थिंगचा खड्डा घेतला, तीन पिनांचा वेगळा पॉइंट काढला, करंट गळला की लगेच पडणारा ब्रेकर बसवला आणि टेस्टर सगळीकडं लावून दाखवला.

तरी शेजारी दारात आडवे उभे, वहिनींना चढू देईनात. शेवटी वहिनीच पुढं झाल्या, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीसमोर बायकोचा हात धरला.

"अवो सोडा, लोकं बघत्यात."

सोडला नाही. वहिनींच्या बांगड्या किणकिणत राहिल्या. "चपला घालूनच ये, मालकीण," शेजारी म्हणाले.