न घेतलेलं नाव

आज खोकल्यासाठी सहाणेवर हिरडा उगाळला आणि त्या तुरट वासानं भंडारदऱ्याकडचा डोंगर आठवला. इंग्रज अजून जायचे होते, आणि माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे तिथल्या शाळेत मास्तर. सुट्टी होती, म्हणून दोघं सकाळीच माथ्यावरच्या देवराईकडे निघालो.

वाटेत हिरडे वेचणारी एक म्हातारी म्हणाली, "वर देवाचं रान हाय. कुनाचं नाव घिऊ नका, रान ते धरून ठेवतं. चुकामूक झाली तर नुसता कुकारा घाला."

मला हसूच आलं. नवऱ्याचं नाव मी घरात तरी कुठं घेत होते?

माथ्यावर धुकं उतरलं आणि हे दिसेनासे झाले. ओल्या पाचोळ्यात मी एकटी. नाव ओठांवर आलं, ते गिळलं आणि "कूऽऽ" असा कुकारा घातला. बऱ्याच वेळानं झाडांमागून उलट "कूऽऽ" आलं.

आता हे नाहीत. आज उगाळता उगाळता, उखाण्याशिवाय पहिल्यांदाच, त्यांचं नाव मोठ्यानं घेतलं. घरात ते क्षणभरही टिकलं नाही. तेव्हा घेतलं असतं, तर रानानं तरी धरून ठेवलं असतं.